टोपल्याखालची मेणबत्ती

"मॅडम, सगळं नाई ऐकू आलं तरी चालन. त्याले एक वाक्य ऐकू आलं पाहिजे."

कांताबाईंनी हे पहिल्याच भेटीत, खुर्चीवर बसायच्या आधीच सांगितलं. मी वर्ध्यातल्या एका श्रवण केंद्रात लोकांच्या कानांच्या चाचण्या करते. येणारी माणसं निरनिराळ्या मागण्या घेऊन येतात. कोणाला टीव्हीचा आवाज हवा असतो, कोणाला नातवाचं फोनवरचं बोलणं. एका आजोबांना फक्त दाराची कडी वाजलेली कळायला हवी होती. वाक्य मोजून मागणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं.

ज्यांना ते वाक्य ऐकवायचं होतं ते शेजारच्या खुर्चीत आधीच बसले होते आणि माझ्याकडे पाहून हसत होते. लहानूजी थूल, वय सहासष्ट, कांताबाईंचे थोरले भाऊ. पांढरा सदरा, खिशात दोन पेन, पायात नवी चप्पल. सोबत त्यांचा मुलगा रुपेश होता, तो बाहेर बाकावर मोबाइल पाहत होता.

"नाव सांगा, बाबाजी," मी मोठ्याने म्हणाले.

"जिनिंगमधी होतो. चाळीस वर्षं."

"नाव!"

"दोन्ही कानांनी. डाव्यानं जरा जास्त."

डॉक्टर लोक कोणत्या क्रमाने काय विचारतात ते त्यांनी पाठ करून ठेवलं होतं आणि त्याच क्रमाने ते उत्तरं देत होते. माझा क्रम वेगळा होता, एवढंच. कांताबाई हसल्या नाहीत. त्यांनी भावाच्या खिशातलं आधार कार्ड काढून माझ्यापुढे ठेवलं.

आमच्याकडे चाचणीसाठी एक बंद खोली आहे. जाड दार, भिंतींना आवाज शोषणारा थर, मध्ये काच. रुग्ण आत बसतो, मी बाहेर यंत्रापाशी. आवाज आला की बोट वर करायचं. लहानूजींनी इतक्या मन लावून बोटं वर केली की मला चाचणी दोनदा करावी लागली, कारण आवाज नसतानाही ते बोट वर करत होते. मला वाईट वाटू नये म्हणून असावं. कागदावरची रेघ डावीकडून उजवीकडे घसरत गेली आणि तळाला लागली. चाळीस वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये यंत्रांशेजारी उभं राहिलेल्या माणसाची रेघ अशीच येते. त्यात वयाची भर.

मी कांताबाईंना समजावलं, "आवाज मोठा करून देता येतो. स्वच्छ करून देता येत नाही. मशीन लावली तर त्यांना कळेल की कोणीतरी बोलतंय, पण काय बोलतंय ते दरवेळी कळेलच असं नाही."

"पण एक वाक्य?"

"एकदम शांत जागी, सावकाश बोललं तर कळू शकेल."

त्यांनी मागे वळून त्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. "आतमधलं बाहेर ऐकू येते?"

"नाही."

"काहीच?"

"काहीच नाही, काकू."

"लिहून का नाही देत त्यांना?" मी विचारलं.

"सातवीत शाळा सुटली त्याची, हळूहळू अक्षरंही सुटली. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं सावंगीच्या दवाखान्यात, दुसऱ्याचं बाकी हाय. घरी कागद आला का रुपेश वाचून दाखवते. अन् वाचून दाखवते म्हंजे कसं? ओरडून. अख्ख्या वस्तीले ऐकू जाते. मी वावरात नेऊन सांगून पाह्यलं. त्याले काही समजलं नाई, अन् पल्याडच्या धुऱ्यावरून कैलास पाटील विचारते, काय झालं कांताबाई, साप निघाला का?"

आता मात्र त्या थोडं हसल्या.

कानाच्या मशीनसाठी आधी कानाचा साचा घ्यावा लागतो. कानात गुलाबी लगदा भरायचा आणि तो घट्ट होईपर्यंत दहा मिनिटं थांबायचं. आमच्या मदतनीस श्रावणभाऊंनी लहानूजींचे दोन्ही कान एकदमच भरले. आधीच कमी ऐकू येणारा माणूस दोन्ही कानांत गुलाबी बोळे घेऊन आमच्यासमोर बसला, दोघींकडे पाहत, मान डोलावत. आणि त्यांच्या देखत कांताबाईंनी मला ते वाक्य काय आहे ते सांगितलं. त्या वाक्याच्या मागे जे होतं तेही.

त्यांचं गाव पिंपळझरी. तिथून दीड कोसावर दारूगोळ्याचा डेपो होता. एकाहत्तर साली लढाई सुरू झाली तेव्हा कांताबाई आठ वर्षांच्या, लहानूजी बारा. बाप एका ठेकेदाराच्या हाताखाली रेल्वेच्या साइडिंगवर डब्यांमध्ये पेट्या चढवायचा. आत जाताना फाटकावर बिडी-माचिस काढून ठेवावी लागे. तिथे लाकडी खणांची एक फळी होती, प्रत्येक हमालाचा एक खण. माचिसी सारख्याच दिसतात म्हणून बापाने आपल्या माचिसीवर खिळ्याने नंबर कोरला होता, एक्केचाळीस. पावसाळा संपता संपता लढाईची तयारी सुरू झाली, तेव्हाच हुकूम आला की माचिस फाटकापर्यंतही आणायची नाही. तेव्हापासून ती माचिस घरातच कोनाड्यात राहू लागली.

"आमाले लढाई म्हंजे गंमतच वाटे," कांताबाई म्हणाल्या. "शाळेच्या निंबाले रुळाचा तुकडा टांगला होता. मधुकरराव गुरुजी तो वाजवत. टण टण टण वाजलं का खंदकात उड्या मारायच्या, पालथं पडायचं, कानात बोटं घालायची अन् दातात पाटीची लेखनी धरायची. माही लेखनी दरवेळी संपून जाय. खाऊन टाको मी. गुरुजी म्हणत, पाकिस्तानच्या आधी हे पोट्टीच सरकारचं दिवाळं काढते."

"आणि भाऊ?"

"माही बोटं लहान. कान पुरे झाकत नव्हते. मंग हा बाजूले पडे अन् आपले दोन्ही हात माह्या कानांवर दाबे. मी म्हणो, तुह्या कानाचं काय? तर म्हणे, माहे कान पक्के हायेत."

समोर लहानूजी गुलाबी बोळ्यांना हळूच बोट लावून पाहत होते. श्रावणभाऊंनी त्यांचा हात खाली घेतला.

संध्याकाळ झाली की कंदिलाच्या काचेला काळा कागद गुंडाळायचा, खिडकीला पोतं टांगायचं. रस्त्याने गस्तीची जीप फिरायची. कोणाच्या घरातून उजेड दिसला की जीपमधली माणसं खाली उतरून ओरडायची. बाप तीन-तीन दिवस साइडिंगवरच असायचा. गाड्यांवर गाड्या भरून जात होत्या.

अशातच सहा डिसेंबर आला. बाबासाहेबांचा दिवस. त्या काळी वस्तीतला विहार म्हणजे टिनाचं एक छप्पर होतं. दरवर्षी तिथे आणि घरोघरी फोटोपुढे मेणबत्ती लागायची. कांताबाईंच्या घरी ती लहानूजी लावायचे. आदल्या वर्षी कांतेने हट्ट केला तेव्हा माय म्हणाली होती, आता नाही, हात भाजेल, पुढच्या वर्षी तू लावजो.

आणि पुढच्या वर्षी लढाई आली.

वस्तीचे मोठे बंडूजी दुपारीच घरोघरी सांगून गेले, "यंदा मेणबत्ती लावाची नाई. अंधारात उभं राहून पंचशील घ्याचं. बाबासाहेब आपल्याले अंधारातही ओळखतात."

सगळ्यांना पटलं. आठ वर्षांच्या पोरीला कसं पटणार? तिची पाळी एक वर्ष थांबून आली होती. मेणबत्ती तर घरात आणून ठेवलेलीच होती, लढाईच्या आधीच्या बाजारातून.

"मी लय विचार केला मॅडम. गुरुजींनी सांगतलं होतं, विमान वरून पाहते. वरून पाहते म्हंजे वरूनच झाकाचं. बाबाचं बांबूचं टोपलं होतं. फोटोपुढे मेणबत्ती लावली, तिच्यावर टोपलं पालथं घातलं. माह्या हिशोबानं काम झालं. मेणबत्तीही लागली, अन् विमानालेही दिसत नाई. माचिस तिथंच ठेवली अन् पळत विहारात गेली. मायचा पदर धरून उभी राह्यली. मले इतकं छान वाटून राह्यलं होतं, काय सांगू."

विणीच्या फटींमधून उजेडाचे ठिपके भिंतीवर पडले होते, तेही तिला आवडले होते. आग लागेल हे तिच्या डोक्यात आलंच नाही. तिची सगळी भीती वरून येणाऱ्या विमानाची होती.

मायने लहानूला घरून घोंगडं आणायला पाठवलं. तो पोहोचला तेव्हा टोपलं पेटलं होतं. भिंती कुडाच्या, वर तुराट्यांचं छप्पर. त्याने जळतं टोपलं हाताने ओढत अंगणात आणलं. घर वाचलं. पण आता जाळ उघड्यावर आला, आणि नेमकी तेव्हाच जीप रस्त्यावर होती. त्याने रांजणातलं पाणी ओतलं, आत जाऊन मेणबत्ती विझवली, माचिस उचलली. जीपमधली माणसं अंगणात आली तेव्हा ती माचिस त्याच्या हातात होती.

"कोणी लावली?"

"मी."

दोन थपडा बसल्या. मग टॉर्चच्या उजेडात माचिसीवरचा नंबर दिसला. बापाला साइडिंगवरून उचलून चौकीत बसवलं. दोन दिवसांनी सोडलं. दहा दिवसांनी लढाईच संपली. शाळेत जिलेबी वाटली, रुळाचा तुकडा शेवटचा वाजवला तो आनंदाने. पण ठेकेदाराने बापाला पुन्हा बोलावलं नाही. म्हणाला, ज्याच्या घरातून दुश्मनाच्या विमानाला इशारा होतो त्याला दारूगोळ्याजवळ कसा उभा करू?

"तेव्हापासून याले गावात इशारा म्हणतात. आताचे पोट्टेही म्हणतात, इशारा आबा चालले, इशारा आबा आले. काऊन म्हणतात ते त्याहिले माहीत नाई. हा आता ऐकत नाई म्हणून बरं."

जानेवारीत लहानू बापाबरोबर जिनिंगला जाऊ लागला. सातवी तिथेच थांबली. कांता शिकत राहिली, कारण घरात आता दोघं कमावते होते. दहावी झाली, लग्न झालं त्याच गावात, पुढे अंगणवाडीत लागली आणि सेविका म्हणून निवृत्त झाली.

"त्या रात्री त्यांनी तुम्हाला काही विचारलं नाही?" मी म्हणाले.

"रात्री नाई. सकाळी. त्याच्या हाताले हळद लावून ठेवली होती. मले म्हणे, कांते, तू होती का घरात? मी म्हटलं, नाई, मी मायजवळ होती." कांताबाईंनी समोर भावाकडे पाहिलं. "मंग तो म्हणे, म्हंजे मायनं लावली असन. तिले मेणबत्तीशिवाय करमत नाई. कोणाले सांगू नोको हं. अन् मी म्हटलं, नाई सांगत."

लहानूजींनी बोटाने दहा मिनिटं झाली का अशी खूण केली. मी दोन बोटं दाखवली. त्यांनी मान हलवली.

"माय गेली अठ्ठ्याण्णव साली. शेवटच्या दिवशी हा तिच्या उशाशी वाकून म्हणे, माय, म्या कोणाले सांगतलं नाई. तिले काय समजणार? तिनं माह्याकडे पाह्यलं. डोळ्यानं विचारून राह्यली, हा काय म्हणते? अन् मी मॅडम, पाणी आणाले गेली. तेव्हा त्याले ऐकू येत होतं. चांगलं ऐकू येत होतं."

श्रावणभाऊंनी साचे बाहेर काढले. लहानूजींनी ते हातात घेऊन निरखले आणि बहिणीला दाखवले, पोराने पहिलं चित्र दाखवावं तसे.

जाताना दाराशी कांताबाईंनी सांगितलं की मे महिन्यात टीव्हीवर हवाई हल्ल्याच्या सायरनचा सराव दाखवत होते. रुपेशने आवाज पूर्ण वाढवला होता. त्या भोंग्याने त्यांचे हात आपोआप कानाकडे गेले. टीव्हीच्या खालीच लहानूजी तुरी निवडत बसले होते. त्यांनी मानही वर केली नाही. त्या दिवशी कांताबाईंना वाटलं, आता वेळ राहिली नाही.

साचे तयार होऊन यायला तीन आठवडे लागले. त्या दिवशी लहानूजी नवा सदरा घालून आले. मशीन लावल्यावर मला त्यांची शब्दांची चाचणी घ्यायची होती. मी बाहेरून माइकवर म्हणेन ते त्यांनी आत बसून जसंच्या तसं म्हणायचं. ओठ दिसू नयेत म्हणून मी तोंडापुढे कागद धरते. ही गोष्ट रुपेशने त्यांना घरी आठवडाभर शिकवली होती.

"बाबा तयारी करून आलेत मॅडम," रुपेश म्हणाला. "सातवीची परीक्षा राह्यली होती, ते आता देऊन राह्यले."

पंचवीस शब्दांपैकी अकरा बरोबर आले. मशीनशिवाय दोनच आले होते. मग मी वाक्यं घेतली. वाक्यात एखादा शब्द निसटला तरी बाकीच्या आधाराने पकडता येतो.

"आज बाजार आहे."

"आज बाजार आहे!" आतल्या माइकवरून त्यांचा आवाज आला, शाळेत बाकावर उभं राहून म्हणतात तसा. प्रत्येक वाक्यानंतर ते काचेतून माझ्याकडे पाहत. बरोबर असलं की मी अंगठा दाखवायची.

"गाय दूध देते."

"गाय दूध देते!"

अंगठा.

रुपेश बाहेर होता. यंत्रापाशी मी आणि कांताबाईच होतो. मी माइक त्यांच्याकडे सरकवला. ओळखीच्या आवाजाने जास्त कळतं, हे खरं आहे. पण मी ते त्यासाठी केलं नव्हतं. मला वाटलं, हीच वेळ आहे, खोली शांत आहे, मशीन चालू आहे, आवाज नेमका हवा तितका आहे. मी सगळं नीट जुळवलं होतं. माझ्या कामाचा त्या क्षणी मला फार अभिमान वाटत होता.

कांताबाईंनी माझ्या हातातला कागद घेऊन तोंडापुढे धरला. मी तसं करत होते म्हणून त्यांनीही केलं. मी त्यांना अडवलं नाही. अडवायला हवं होतं.

त्या फार सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलल्या.

"मेणबत्ती मायनं नाई लावली. कांतानं लावली."

लहानूजींनी डोळे बारीक केले. क्षणभर थांबले. मग त्याच शाळकरी आवाजात, अक्षर न् अक्षर बरोबर, त्यांनी म्हटलं,

"मेणबत्ती मायनं नाई लावली. कांतानं लावली!"

आणि माझ्याकडे पाहिलं.

माझा अंगठा वर गेला. सवयीने गेला. मी तो खाली घेतला, पण त्यांना दिसला होता. ते प्रसन्न हसले, सरळ बसले आणि पुढच्या वाक्याची वाट पाहू लागले.

कांताबाईंच्या हातातला कागद तसाच तोंडापुढे होता. बराच वेळ त्यांनी तो खाली घेतला नाही. काचेपलीकडून लहानूजींनी हातानेच विचारलं, झालं?

मी दार उघडलं. ते बाहेर येत म्हणाले, "किती मार्क?"

"पास!" बाहेरून आत आलेला रुपेश त्यांच्या कानाशी ओरडला. मशीन लावलेली होती, त्यामुळे ते दचकले. मग हसले. रुपेशने त्यांना पाणी प्यायला बाहेर नेलं.

"मॅडम," कांताबाई म्हणाल्या, "तुमच्या मशीनमधी दिसते का, त्याले समजलं का नाई?"

"नाही काकू. ऐकू आलं, एवढंच दिसतं."

"ऐकू तर आलं."

"हो. सगळं ऐकू आलं."

मी माझ्या कागदाकडे पाहिलं. वाक्यांच्या रकान्यात, शेवटच्या ओळीत, मी बरोबरची खूण करून ठेवली होती. ती कधी केली ते मला आठवत नाही.

मी त्यांना म्हणाले, पुढच्या आठवड्यात पुन्हा या. चाचणी नाही ठेवणार. ही परीक्षा नाही, हे रुपेशकडून त्यांना आधीच समजावून ठेवा. तुम्ही आत त्यांच्या समोर बसा, कागद नको, माइक नको, मी दार लावून निघून जाईन. कांताबाई येते म्हणाल्या. त्यांच्या आवाजावरून मला कळलं नाही की त्यांना हिंमत आहे की नाही. चोपन्न वर्षं जमवलेलं एकदा बोलून झालं होतं.

ते आले नाहीत. मी फोन केला तर रुपेश हसत म्हणाला, "बाबा म्हणतात, पास झालो न, आता पुन्हा कायले? लय सांगून पाह्यलं मॅडम. आत्यानंही सांगतलं. नाईच म्हणतात."

"आणि मशीन?"

"डबीत. लावली का डोक्यात जिनिंग सुरू होते म्हणतात."

मी माझ्या परीने सगळं केलं. पिंपळझरीला दोनदा जाऊन आले. आवाज कमी केला, गोंगाट दाबायची सोय चालू केली, बारीक आवाज आणखी दाबले. लहानूजी प्रत्येक वेळी मशीन लावून माझ्यासमोर पाच मिनिटं बसत, मान डोलावत, "छान, छान" म्हणत आणि मग दोन्ही मशिनी काढून, फुंकर मारून, डबीत ठेवून देत. त्यांच्या घरामागे पिठाची गिरणी आहे, समोर रस्ता आहे, घरात टीव्ही आहे. आमच्या खोलीतली शांतता मी तिथे नेऊ शकत नव्हते. दुसऱ्या वेळी परत येताना बसमध्ये मी यंत्र बनवणाऱ्यांची माहितीपुस्तिका पुन्हा पहिल्यापासून वाचली. माझ्या कामाचं त्यात काही नव्हतं.

सहा डिसेंबरला कांताबाईंनी मला बोलावलं होतं. "येजो मॅडम, जेवूनच जा."

विहार आता पक्का बांधलेला आहे. तिथला कार्यक्रम आटोपल्यावर लोक आपापल्या घरी गेले. लहानूजींच्या घरी पुढच्या खोलीत एका भिंतीला बाबासाहेबांचा फोटो आहे, समोरच्या भिंतीला माय आणि बापाचे फोटो. फोटोपुढे पितळी ताटात मेणबत्ती उभी केलेली होती. शेजारी पाण्याने भरलेला तांब्या.

रुपेशची बायको जया मला हळूच म्हणाली, "या घरची रीतच हाय, ताई. मेणबत्ती बाबाजीच लावतात. पोरासोरांले हात लावू देत नाहीत. अन् पूर्ण संपेपर्यंत तांब्या घेऊन उभे राहतात. मी लग्न होऊन आली तेव्हा मले वाटलं, यांच्यात असंच असते."

लहानूजींनी खिशातून माचिस काढली. मशीनची डबी त्याच खिशात होती, तिचा चौकोन सदऱ्यातून दिसत होता.

कांताबाई पुढे झाल्या. जाताना त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. भावाच्या समोर उभ्या राहिल्या, तोंड अगदी त्याच्या समोर धरून, आणि तळहात पुढे केला.

"दादा, यंदा मी लावतो."

त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग पसरलेल्या हाताकडे. मला वाटलं, आता. कांताबाईंनाही तेच वाटलं असणार, कारण त्यांनी हात आणखी पुढे केला.

लहानूजींनी माचिस आपल्या मुठीत घेतली आणि दुसऱ्या हाताने बहिणीचा तळहात मिटवला. त्यांच्या त्या भाजलेल्या हाताच्या आतल्या बाजूला कातडी अजूनही गुळगुळीत आणि फिकट होती.

"नोको," ते म्हणाले. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं मोठ्याने, गिरणीपर्यंत जाईल इतकं. "भाजन तुले. तू तिकडे मागं राह्य, मायजवळ."

कांताबाई मागे सरत सरत समोरच्या भिंतीपाशी गेल्या आणि मायच्या फोटोखाली उभ्या राहिल्या.

लहानूजींनी काडी ओढली. पहिली विझली. दुसरी लागली. मग तांब्या उचलून ते मेणबत्तीच्या बाजूला उभे राहिले, ती संपेपर्यंत.